भुशाचं प्रमाण

डिसेंबर २००४

अब्बांना गुलफशाचा सलाम,

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. भोरला थंडी पडली का? अम्मीचा गुडघा कसा आहे?

हितं कारखान्यात बॉयलरच्या कोळशात भाताचा भुसा मिसळतात. नमुन्यावर प्रकाश टाकून भुसा किती आहे, ते माझं यंत्र सांगतं. सोमवारी तो लईच जास्त निघाला. असला माल भट्टीत जायच्या आधीच पेट घेऊ शकतो.

साहेब म्हणाले, "यंत्र चुकलं असेल. माल ठीक आहे म्हणून सही कर."

पुन्हा तपासलं, तेच आलं. आपल्या शेजारच्या पाली गावचा सिद्धनाथ त्या भट्टीपाशीच कामाला असतो. मी म्हटलं, "न्हाई करणार."

माल परत गेला. मला मात्र प्रयोगशाळेत यायची मनाई झाली आहे. तुम्ही काळजी करू नका.

अब्बा, ईदला येताना सगळंच सामान घेऊन आले, तर चालेल ना?

तुमची लेक,
गुलफशा