माझा हायब्रिड आणि अकराव्याचं पाणी

शनिवार, ३ फेब्रुवारी

गोल्फच्या अकराव्या होलवर आज माझे तीन चेंडू मधल्या तळ्याच्या पाण्यात. तिन्ही वेळा वारा समोरून. बाकीच्या तिघांच्या वेळी वारा पडलेला होता, पण हे कोणी लक्षात घेत नाही. मागून येणाऱ्या महिलांच्या गटाने दोनदा शिट्टी वाजवली. खेळात एवढी घाई बरी नव्हे.

नंतर चहाला वकिलाने विषय काढला. क्लबचा नियम आहे, एका वेळी चौघांनीच खेळायचं. आमची चौकडी पक्की आहे: डेंटिस्ट, वकील, मेव्हणा (हिचा धाकटा भाऊ) आणि मी. पण मेव्हण्याच्या बँकेतले एक नवे गृहस्थ अधूनमधून कोणाच्या बदली येतात, त्यांना मार्चपासून कायमचं यायचंय. म्हणजे कोणाला तरी थांबावं लागणार. वकील म्हणाला, महिनाअखेरीस बघू, कोणाचा खेळ कसा होतोय ते. बोलताना सगळा वेळ चमच्याकडे बघत होता.

मला डेंटिस्टचं फार वाईट वाटलं. पाठ दुखते बिचाऱ्याची. त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट बोलायला नको होतं.

रविवार, ४ फेब्रुवारी

तरीही आपण बेसावध राहू नये. रिटायर झाल्यापासून माझ्या आठवड्यात खरा वार एकच, शनिवार. सकाळी सहाला डेंटिस्टची गाडी फाटकाशी येते आणि मी माणसांत येतो. उरलेले सहा दिवस पेपर, दूध आणि ही.

विचाराअंती दोष सापडला. दोष माझा नाही, चार नंबरच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी स्टिकचा आहे. एवढंसं तोंड, लांबलचक दांडा. तो नीट लागायला माणूस पंचविशीतला हवा. हल्ली त्याऐवजी सगळे हायब्रिड वापरतात. मागून फुगीर, चेंडू आपसूक उचलतो.

हिला समजावून सांगितलं की हायब्रिड म्हणजे अर्धा जाड डोक्याचा वूड आणि अर्धा आयर्न. ती म्हणाली, म्हणजे खेचर.

निश्चय: मंगळवारी खरेदी. स्विच-बटणांच्या कारखान्यात तीस वर्षं खरेदी विभाग सांभाळलाय. पितळ हातात घेऊन सांगायचो कुठल्या सप्लायरचं आहे. एक स्टिक निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

दुकानात जाळीसमोर उभं करून यंत्रावर चेंडू मारायला लावले. मी आधीच सांगून टाकलं होतं की माझा चार नंबर सहज एकशेसत्तर मीटर जातो. यंत्राने एकशेअठरा दाखवले. पुन्हा मारला, एकशेनऊ. बंद खोलीत हवा खेळती नसते, त्याचा परिणाम. दुकानदाराला तसं सांगितलं. तो हो म्हणाला. विक्रेते नेहमी हो म्हणतात.

मग त्याने पाच नंबरचा हायब्रिड काढला. दांडा मऊ. दांड्यावर बारीक अक्षरांत सिनियर असं छापलेलं. मी तो दोन बोटांनी उचलून परत ठेवला. तीन नंबर मागितला, दांडा कडक. तो म्हणाला, हा जरा जास्त लांब जातो आणि आवरायला अवघड, शिवाय ताकद लागते. मी म्हणालो, ताकदीचं आम्ही बघू. नंबर जेवढा कमी तेवढा चेंडू लांब, एवढं मलाही कळतं. पाणी ओलांडायचंय, मुंगीच्या पावलाने जायचं नाहीये.

ही सोफ्यावर बसून होती. दुकानदाराने तिला विचारलं, मॅडम, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, त्यांनी घरचा मिक्सरही असाच आणलाय, सगळ्यात मोठा, त्यात चटणी तळाशीच फिरत राहते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

हॉलमध्ये नुसता हवेत फिरवून बघितला. वजन छान. ट्यूबलाइट तशीही जुनीच झाली होती.

शनिवार, १० फेब्रुवारी

हायब्रिडचं पदार्पण. पहिल्या होलवर चेंडू चाळीस मीटर, पण सरळ. तिसऱ्यावर दीडशेच्या पुढे, झाडीत. पाचव्यावर वीस मीटर. अकराव्यावर पाण्यात, पण या वेळी पाण्याच्या बऱ्याच पुढच्या भागात. प्रगती स्पष्ट दिसते.

मेव्हणा म्हणाला, दाजी, एकाच स्टिकने एवढी वेगवेगळी अंतरं काढणं सोपं नाही. कौतुक केलं की काय केलं, नीट कळलं नाही. गाडीत परत येताना डेंटिस्टने सगळा वेळ रेडिओ मोठ्याने लावला. त्याला स्वतःची काळजी लागली असणार.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आता प्रश्न फक्त अंतर काबूत ठेवण्याचा. ताकद आहेच.

व्हिडिओ बघितले. घड्याळ पद्धत सापडली. आपण स्वतः घड्याळ आहोत असं समजायचं. हात मागे नऊ वाजेपर्यंत नेले की चेंडू कमी जातो, दहापर्यंत नेले की मध्यम, बारापर्यंत नेले की पूर्ण. इतकं साधं आहे. लोक उगाच शिक्षक लावतात.

दुपारी मोज्यांचा गोळा करून हॉलमध्ये सराव. नऊ वाजता गोळा टीव्हीखाली. दहा वाजता टीव्हीखाली. बारा वाजता स्वयंपाकघरात, हिच्या भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत. ही दाराशी येऊन बघत राहिली आणि म्हणाली, चौकातला ट्रॅफिक पोलीस दिसताय. वाहनं मात्र थांबत नाहीयेत.

निश्चय: उद्यापासून रोज सकाळी क्लबच्या सरावाच्या रेंजवर. घरात प्रतिभेला जागा नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

रेंज उत्तम. टोपलीभर चेंडू मिळतात, समोर अंतराच्या पाट्या लावलेल्या, आणि आसपास कोणी शिट्टी वाजवत नाही. माझ्या जागेशेजारी खांबावर एक सूचना लावलेली आहे, तिच्यावर टॉवेल छान बसतो.

अकराव्याचं पाणी ओलांडून पलीकडच्या झेंड्याच्या हिरवळीवर पडायला एकशेचाळीस मीटर लागतात. म्हणून एकशेचाळीसची पाटी हेच लक्ष्य. आज टोपलीतले दोन चेंडू तिथपर्यंत गेले. उरलेले जिथे गेले तिकडे मी बघितलं नाही, मन विचलित होतं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज चौकडीत मी नव्हतो. मेव्हण्याने काल फोन करून सांगितलं, दाजी, या शनिवारी जरा आराम करा, मग महिनाअखेरीला ताजेतवाने या. माझ्या जागी नवे गृहस्थ गेले. मी लगेच हो म्हटलं. मोठ्या सामन्याआधी सगळे खेळाडू विश्रांती घेतात.

सकाळी सहाला जाग आली तेव्हा गाडीचा आवाज ऐकू आला नाही. अर्थात, ती इकडे येणारच नव्हती. खिडकीत उभा होतो ते हवेसाठी. ही म्हणाली, चहा टाकू का? म्हटलं टाक. मग ती पण येऊन उभी राहिली. तिला हवेची गरज नव्हती, सर्दी झालीये.

मंगळवार, २० फेब्रुवारी

जमलं! एकशेचाळीसची पाटी एकदा नव्हे, चारदा गाठली. रहस्य हे की हात पार बारापर्यंत न्यायचे, दात घट्ट आवळायचे आणि मागचा पुढचा विचार न करता हाणायचं. तोडून मारायचं. घड्याळ पद्धतीतलं नऊ आणि दहा मी कायमचं काढून टाकलं. घड्याळात बारा वाजले की बारा.

हिला सांगितलं. ती म्हणाली, शनिवारी नाही जमलं तरी काही बिघडत नाही हो. बायकांना स्पर्धा म्हणजे काय ते कळत नाही. मग ती म्हणाली, हवं तर आपण दोघं सकाळी फिरायला जात जाऊ. मी म्हटलं, बघू, एवढं आटोपू दे. खरं तर त्या क्षणी मला तिचा राग आला. ती मला आधीच हरलेला धरून चालली होती.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

उद्यासाठी नवे चेंडू घेतले. महागातले, बर्फासारखे पांढरेशुभ्र. जुन्याने शुभकार्य करू नये. हायब्रिडचं डोकं पुसून स्टिकबरोबर मिळालेल्या मोज्यात ठेवलं. बुटांना पॉलिश. ही म्हणाली, मुलगी बघायला जाताना एवढी तयारी नव्हती केलीत.

डेंटिस्टला काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलंय. पाठीला हात न लावता खांद्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, तुमची जागा मनात कायम आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी, सकाळी पाच

तयार. बॅग तिसऱ्यांदा तपासली, ते सवयीने.

शनिवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळ

नवे गृहस्थही आले होते, खेळायला नाही, नुसते सोबत चालायला. सभ्य माणूस आहे. माझी बॅग उचलू का म्हणून विचारत होता.

पहिली दहा होल लिहिण्यासारखी नाहीत.

अकरावं. मी हायब्रिड काढला. वकिलाने नव्या गृहस्थांना गप्प राहायची खूण केली. पाटी डोळ्यांसमोर आणली, हात बारापर्यंत, दात आवळले आणि हाणला. आयुष्यात असा चेंडू लागला नव्हता माझ्याकडून. आवाजच वेगळा. पाण्यावरून गेला! पाण्यावरून असा गेला की खाली पाणी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मी ओरडलो. मेव्हणाही ओरडला, वा दाजी. चेंडू हिरवळीवरून गेला. हिरवळीमागच्या कुंपणावरूनही गेला. पलीकडे रस्ता आहे, तिकडे कुठेतरी गेला.

कुंपणापलीकडे म्हणजे बाद. परत पहिल्याच जागेवरून मारायचा.

दुसरा जरा सांभाळून मारला. हात नऊवर थांबवले. नऊ मी मंगळवारीच काढून टाकलं होतं, त्यामुळे ते हाताला आठवेना. पाण्यात. तिसरा, पाण्यात. चौथा लागलाच नाही, गवताचा तुकडा मात्र पाण्यात पडला. मागच्या महिला आज शिट्टी वाजवत नव्हत्या, नुसत्या बघत उभ्या होत्या. ते जास्त लागलं. शेवटी वकील म्हणाला, चला, पुढे जाऊ या. इतक्या हळू आवाजात बोलला की कोर्टात असा बोलला तर एक केस जिंकायचा नाही.

चालता चालता डेंटिस्टने समजावलं. रेंजवरचे चेंडू जुने, झिजलेले असतात, ते कमी जातात. तिथे जो फटका एकशेचाळीस जातो, तोच नव्या चेंडूने एकशेसाठीच्याही पुढे जाणार. म्हणाला, तिथे तशी सूचना लावलीये ना खांबावर.

त्या सूचनेवर मी दहा दिवस टॉवेल वाळत घालत होतो.

पण एक आहे. पाणी ओलांडलं. चौघांनी बघितलंय.

रविवार, २५ फेब्रुवारी

मेव्हणा आला. सोबत पपई. माझ्या ब्लडप्रेशरची तीनदा चौकशी केली, हवेबद्दल बोलला, पंख्याकडे बघत बसला. मग पाणी पिण्याच्या निमित्ताने बहिणीमागे स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ तिथेच. मग मागच्या दारानेच गेला. चपला पुढच्या दाराशी होत्या, त्या घ्यायला त्याला वळसा घालून यावं लागलं. मी खिडकीतून बघत होतो. त्याने वर बघितलं नाही.

ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. म्हणाली, त्याला तुम्हाला सांगवत नव्हतं. मी म्हणालो, मीच सांगणार होतो, माझा गुडघा हल्ली फार कुरकुरतो. ती म्हणाली, कुठला? मी म्हणालो, उजवा. माझा हात डाव्यावर होता. ती पपई कापायला उठली.

इथे कोणी वाचणारं नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं. खेळ मला येत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गाडीत मागच्या सीटवर बॅगांत चिरडून बसायचं, वकिलाचे तेच तेच किस्से ऐकायचे, चहाला कोण बिल देणार यावर भांडायचं, ते सगळं खेळाबरोबर जाईल हे लक्षात आलं नव्हतं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

हिच्याबरोबर फिरायला गेलो. ती झपाझप चालते. मला थांब म्हणावं लागलं. निश्चय: उद्या कारण काढून टाळायचं.

शनिवार, २ मार्च, सकाळ

पावणेसहाला फोन. मेव्हणा! म्हणाला, दाजी, जागे आहात का? आम्ही पाच मिनिटांत तुमच्या फाटकाशी येतोय.

मी पाच मिनिटांत दाढी केली, बूट चढवले, बॅग खांद्यावर घेतली. हिला उठवलं नाही, ती आपोआप उठली. जिन्यात मला हसू आवरेना. एखाद्याची पाठ धरली असणार, किंवा सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार. काय बोलायचं तेही ठरवलं: रुसवा नको, लगेच हो म्हणायचं.

गाडी आली. डेंटिस्ट चालवत होता, शेजारी वकील, मागे मेव्हणा आणि नवे गृहस्थ. मधल्या जागेत बॅगा उभ्या. मेव्हण्याने काच खाली केली. माझे बूट बघितले, बॅग बघितली आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, दाजी, यांना हायब्रिड घ्यायचाय, घेण्याआधी एकदा वापरून बघायचा होता. तुमचा देता का?

मी म्हटलं, देतो की. त्यासाठीच तर बॅग खाली आणली.

मोज्यातून काढून खिडकीतून आत दिला. नव्यांना सांगितलं, अकराव्यावर पूर्ण जोर लावू नका, हा फार लांब जातो. ते म्हणाले, थँक्यू सर.

शनिवार, २ मार्च, संध्याकाळ

मेव्हण्याचा फोन. म्हणाला, काय स्टिक निवडलीत दाजी! अकराव्यावर नव्यांचा चेंडू पहिल्याच फटक्यात पाणी ओलांडून झेंड्याजवळ थांबला. सगळे तुमची आठवण काढत होते. त्यांनी विचारलंय, महिनाभर ठेवून घेतला तर चालेल का?

मी म्हटलं, ठेवा. घाई नाही. खरेदीतला माणूस आहे मी, माल पारखून घेतलेला.

ही शेजारीच बसली होती म्हणून मी उठून गॅलरीत गेलो, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, पुढच्या शनिवारी कोणाला यायला जमणार नाहीये, असं काही आहे का?

त्याने आधी माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. मग म्हणाला, नाही दाजी. सगळे येतायत.