ध्रुवापर्यंतची दोरी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा अंध मुलांच्या शाळांसाठी उठावाचे पृथ्वीगोल बनवणे, शरीराने आता संपत आलो आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. देवाला स्मरून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा भीतीपोटी नव्हे तर आपल्या मर्जीने, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार यकृताचा आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघेल. त्यापुढचं ते बोलत नाहीत. औषधाने झोप फार येते. म्हणून रोज सकाळी तासभर लिहितो आणि आदल्या दिवशीचं वाचून मगच पुढे जातो. कुठे खाडाखोड दिसली तर ती माझीच समजावी.

मला बायकामुलं नाहीत. वारस दोनच. थोरली बहीण, जिला पुढे ताई म्हटलं आहे, वय पंचावन्न, सहाव्या वर्षी तापात दृष्टी गेलेली. आणि धाकटा भाऊ, जो आपल्या संसारासह दुसऱ्या गावी असतो. आईवडील गेल्यापासून ताई माझ्याकडे आहे असं लोक म्हणतात. खरं पाहता बरीच वर्षं मीच तिच्याकडे होतो. स्वयंपाक ती करायची.

१. माझी बारीक कात्री, दोन चिमटे, मेण लावलेल्या धाग्यांची रिळं आणि सरस वितळवायचं भांडं कारखान्यातल्या सुताराला द्यावं. वीस वर्षं तो गोलांचे स्टँड करतो आणि मी गोलांवर धागे चिकटवतो. विषुववृत्ताला तिपेडी जाड धागा, कर्क आणि मकर वृत्तांना एकपेडी, ध्रुववृत्तांना ठरावीक अंतरावर गाठी मारलेला. बोटाला लगेच फरक कळतो. ज्या रेषा जमिनीवर कुठेही नाहीत, त्या आमच्या मुलांच्या हाताला लागतात. सुतार म्हणतो, "तू तिला दोऱ्यांनी बांधतोस, मी तिला वाकडी उभी करतो. आपण दोघांनी मिळून पृथ्वीचं पार वाटोळं केलं." साडेतेवीस अंशांचा कल त्याने कायम तेवीसच ठेवला. विचारलं तर म्हणायचा, "अर्ध्या अंशाने कुणाचा हिवाळा अडलाय?" हे मी वीस वर्षं साहेबांना कळू दिलं नाही. आता लिहून ठेवलं आहे. त्याने ते हसण्यावारी न्यावं.

२. कारखान्याच्या साहेबांना काही नाही. कारण असं. पहिल्या वर्षी मी चोवीसही रेखावृत्तांचे धागे थेट ध्रुवापर्यंत नेले. तिथे ते एकमेकांवर चढून वाटाण्याएवढा गोळा झाला. शाळेकडून पत्र आलं, मुलांनी परीक्षेत 'ध्रुव हा जगातला सर्वांत उंच डोंगर आहे' असं लिहिलं होतं. चूक माझी होती. मग मी धागे ऐंशी अंशांवरच तोडू लागलो आणि ध्रुवाच्या जागी गुळगुळीत लाकडी बटण बसवलं. साहेबांनी खर्च नको म्हणून बटण बंद केलं आणि आसाचा लोखंडी नट तसाच उघडा ठेवला. एका शाळेत गेलो होतो तेव्हा एका मुलीने तो चाचपून विचारलं, "काका, हा सैल झाला तर आपण सगळे पडू का हो?" साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आंधळ्या पोरांना काय कळतंय!" ते वाक्य मी मनात धरून बसलो. त्यांच्यावर रागवायचा मला किती अधिकार आहे, ते कलम ५ मध्ये दिसेल.

३. बँकेत जे असेल त्यातून आधी ताईच्या औषधपाण्याची सोय व्हावी. उरेल ते धाकट्याचं. माझं हातातलं घड्याळ त्याच्या मुलीला द्यावं, ती ते लहानपणापासून मागते आहे.

४. राहतं घर मी स्वकष्टाने घेतलेलं आहे, त्यात वडिलोपार्जित काही नाही. ते ताईच्या हयातीपर्यंत ताईच्या ताब्यात राहील. तोवर ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. तिच्या पश्चात ते धाकट्याचं. मात्र या घरात राहायचं नाही असं ताईने आपल्या तोंडाने, खालच्या दोन्ही साक्षीदारांसमोर सांगितलं, तर धाकट्याने घर विकून तिची सोय दुसरीकडे करावी.

ही शेवटची अट मी धाकट्याच्या आग्रहावरून घातली आहे. तो वाईट नाही. गेल्या महिन्यात माझ्या उशाशी बसून म्हणाला, "दादा, तिला खोलीतून मोरीपर्यंत जायलासुद्धा कुणाचा तरी हात लागतो. तू गेल्यावर हात कुणाचा? मी रोज दोन तास प्रवास करून येऊ? अंधांच्या आश्रमात निदान माणसं तरी आहेत." मी म्हटलं, "तिला तिकडे जायचं नाहीये." तो म्हणाला, "जायचं नाही हे खरं. पण इथे राहता येतं का, ते सांग." मी अट लिहायचं कबूल केलं. खरं उत्तर मला ठाऊक होतं.

ताईला राहता येत होतं. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती या घरात माझ्यापेक्षा भरभर चालायची.

आम्ही लहान असताना गावच्या शाळेत गुरुजींनी लाल भोपळा टेबलावर ठेवून भूगोल शिकवला. ताईला शाळेत घेतलं नव्हतं. ती खिडकीखाली बसून ऐकायची. घरी आल्यावर मी तोच भोपळा तिच्या हातात दिला. भोपळ्याच्या शिरा म्हणजे रेखावृत्तं, देठ तो उत्तर ध्रुव. ती म्हणाली, "आणि मधली आडवी रेघ?" मी म्हटलं, "ती काल्पनिक असते." "म्हणजे काय?" "म्हणजे दिसत नाही." ती म्हणाली, "मग मला कशाला समजावतोस? मला कुठलं काय दिसतंय!" मी म्हटलं, "अगं, कुणालाच दिसत नाही." त्यावर ती बराच वेळ हसली. "मग तुम्ही डोळस लोक तिच्यावर विश्वास कसा ठेवता रे?"

ध्रुवावर सहा महिने रात्र असते हे ऐकून तिने विचारलं होतं की तिथे राहणारी माणसं अंधारात बाहेर कशी पडतात. मी ते गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बर्फाच्या वादळात वाट चुकू नये म्हणून एका झोपडीपासून दुसरीपर्यंत दोर बांधून ठेवतात. हे घर घेतलं तेव्हा मला तो दोर आठवला. मी कमरेच्या उंचीवर भिंतीत खिळे ठोकले, एकूण चौदा, आणि त्यांवरून दोरी ओढली. ताईच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत जाड, ते विषुववृत्त. स्वयंपाकघराकडे जाणारी बारीक, ते कर्कवृत्त. मागच्या चार दगडी पायऱ्या उतरून मोरी आणि संडास आहे, तिथे जाणाऱ्या दोरीला पायऱ्यांच्या आधी दोन गाठी. त्या बाजूला ऊन येत नाही, म्हणून तो ध्रुव. "मी जरा ध्रुवावर जाऊन येते," असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची आणि पाहुणे माझ्या तोंडाकडे बघायचे. दोरी आल्यावर तिने पावलं मोजणं सोडलं. पंधरा वर्षं तिने एक पाऊल मोजलं नाही.

५. हे कलम ताईला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. मी मरायच्या आधी. म्हणून ते लिहून झाल्यावर मी स्वतः वाचणार आहे, साक्षीदारांना बसवून.

चार वर्षांपूर्वी सुताराच्या बायकोने माझ्यासाठी एक स्थळ आणलं. शिवणकाम शिकवणाऱ्या बाई, वय चाळीसच्या आत, लग्न न झालेल्या. त्या आपल्या मावशीबरोबर दुपारी घर बघायला येणार होत्या. माझं वय पंचेचाळीस. मला लग्न करायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, देवालाही नाही. त्या सकाळी भिंतींवरची दोरी मला पहिल्यांदा परक्याच्या नजरेने दिसली. वाटलं, हे माणसांचं घर दिसत नाही, दवाखाना दिसतो. मी ती काढली, गुंडाळली आणि कपाटात टाकली. खुर्च्या हलवल्या. ताईला एवढंच सांगितलं, "लोक येणार आहेत, तू खोलीत बस. काही लागलं तर हाक मार." दोरी काढल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं.

पाहुणे बसले होते. तिला मोरीकडे जावं लागलं. नव्या माणसांसमोर तसं काही ओरडून सांगायची तिला लाज वाटली असणार. ती उठली, हात पुढे केला, दोरी नव्हती. तरी सवयीने पुढे गेली. गाठी लागल्या नाहीत, म्हणून पायऱ्या आल्या हे कळलं नाही.

आवाज ऐकून आधी धावल्या त्या शिवणकामाच्या बाई. मी खुर्चीतून उठेपर्यंत त्यांनी ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. गाडी आली, ताईला उचलून नेलं. जाताना त्या बाई पॅसेजमध्ये थांबल्या आणि भिंतीकडे बघून हळूच म्हणाल्या, "खिळेही काढायचे होते." एवढंच. त्यांचं पुढे लग्न झालं की नाही मला माहीत नाही. त्यांना देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

दवाखान्यात ताईने विचारलं, "दोरी कुठे होती रे?" मी म्हणालो, "तुटली, ताई. झिजली होती. माझं लक्ष नव्हतं." ती म्हणाली, "तुझा काय दोष!"

हाड जुळलं. पाय चांगले आहेत, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. मी नवी दोरी लावली, तशाच गाठी घातल्या. ताईने एकदा तिच्यावर हात ठेवला, विचारलं, "ही किती दिवस टिकेल?" आणि हात मागे घेतला. तो घेतला तो घेतलाच. चार वर्षं ती कोणीतरी धरल्याशिवाय खोलीबाहेर आलेली नाही. जी वस्तू न सांगता तुटते तिचा भरवसा कसा धरायचा, असं तिला वाटतं, आणि मी ते वाटू दिलं. दोरी पक्की होती हे सांगायचं तर भाऊ कच्चा होता हे सांगावं लागलं असतं. मी माझं नाव राखलं आणि तिचं घर घालवलं. रोज सकाळी देवापुढे हात जोडतो, पण चार वर्षांत तोंडातून मागणं फुटलेलं नाही.

म्हणून आता लिहितो. ताई, दोरी तुटली नव्हती. ती नीट होती. मी काढली. ती कपाटात सगळ्यांत खालच्या खणात आहे, हाताने ओढून पाहा. आता भिंतीवर आहे तीही तशीच आहे. माझा भरवसा धरू नकोस. तिचा धर.

पुरवणी. वरचा मजकूर मी बारा दिवसांपूर्वी सुतार आणि आमच्या गल्लीतले डॉक्टर यांच्या देखत ताईला वाचून दाखवला. वाचून झाल्यावर तिने दोन प्रश्न विचारले.

"तुटली नव्हती?"

"नाही."

"आणि हे तू आता सांगतोस, मरायला टेकल्यावर."

हा दुसरा प्रश्न नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दुसरा तिने डॉक्टरांना विचारला, "मला खोलीत पोचवता का?" मी हात पुढे केला होता. तो तिला दिसत नव्हता, पण तिला तो तिथे आहे हे माहीत होतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण सुताराची बायको आणून देते, दोघांना दोन खोल्यांत; ताईला हात धरून मोरीपर्यंत तीच न्यायची. सहाव्या दिवशी दुपारी मी पडलो होतो आणि भिंतीतला खिळा कुरकुरला. दोरीवर भार आला की खिळे कुरकुरतात, हा आवाज मी विसरून गेलो होतो. एक खिळा, मग बराच वेळ काही नाही, मग परत तोच. ती दोरी ओढून पाहत होती. दुसऱ्या दिवशी तीन खिळे वाजले. नवव्या दिवशी ती पायऱ्यांपाशी गाठींवर थांबली, इतका वेळ की मी उठून बसलो. उठून तिथवर जायची ताकद मला नाही, हाक मारण्याचा हक्क नाही. चार पायऱ्या एकेक करून उतरल्याचं ऐकू आलं. परत येताना माझ्या दारावरून जावंच लागतं. तिथे दोरी नाही, दोन पावलं मोकळ्यातून टाकावी लागतात. तिने ती टाकली. थांबली नाही.

तेव्हा कलम ४ कायम आहे आणि त्यातली धाकट्याने मागितलेली अटही कायम राहू दे. ती आता तिच्या उपयोगाची आहे, त्याच्या नाही; राहायचं की जायचं, हे आता तिचं तिला ठरवता येईल.

आणखी एकच सूचना. मी गेल्यावर ताईला कोणीही माझ्याजवळ ओढून आणू नये. 'आता तरी माफ कर, मेलेल्या माणसावर राग धरू नये' असं तिला कोणी म्हणू नये, धाकट्याने तर मुळीच नाही. राग तिचा आहे. तो मी तिच्याकडून घेऊन गेलो, तर घराबरोबर तिचा तोही लुबाडल्यासारखं होईल.

आज साक्षीदार सह्यांसाठी आले तेव्हा दाराची कडी वाजली. दार उघडायला मी उठू शकलो नाही. पुढच्या भिंतीतले खिळे एकामागून एक वाजत गेले आणि कडी निघाली. सुताराचा आवाज आला, "अहो ताई, तुम्ही?" ती म्हणाली, "मग यापुढे कोण उघडणार?" आणि त्यांना माझी मागची खोली दाखवून आपल्या खोलीत गेली.

हे सगळं मी पुन्हा एकदा वाचलं आहे. खरं आहे.

लिहून देणार: (सही) धागेवाला, या नावाने कारखान्यात ओळखतात तो

साक्षीदार १: (सही) सुतार. कल साडेतेवीसच होता, हे माझं म्हणणं नोंदवून घ्यावं.

साक्षीदार २: (सही) डॉक्टर. लिहून देणार शुद्धीवर व समजत्या अवस्थेत आहेत. त्यांच्या भगिनी कोणाच्याही आधाराशिवाय चालतात, हे मी आज प्रत्यक्ष पाहिलं.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपारी