फणसाच्या लाकडाची मोटारसायकल

॥ श्री ॥

तुये, पेडणे
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाय हीस,
धाकट्या गोकुळदासाचा सा. न. वि. वि.

आधी काही गोष्टी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा विश्वास बसेल. धुण्याच्या मशीनच्या मोटरवर चालणारा विहिरीचा पंप. शिवणयंत्राच्या पायट्यावर बसवलेली खोबरं किसायची आदोळी. बाबांना शेवटच्या वर्षी उठून बसता यावं म्हणून दोरी-कप्पीची खाट. कारखान्यात डबे मोजणारी पट्टी, जिचा फोटो परदेशी इंजिनियर काढून घेऊन गेला. आणि हर्षाच्या स्वयंपाकघराचं जनेल, जे पाऊस आला की आपोआप बंद होतं. (आपोआप उघडत नाही. ते काम चालू आहे.) हे सगळं या दोन हातांनी केलं. आयटीआयची इमारत मी आतून पाहिली ती फक्त एकदा, तिथला पंखा दुरुस्त करायला बोलावलं होतं तेव्हा. अशा माणसाने मोटारसायकल घाईत निवडावी, असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढ.

हे फोनवरही सांगितलं असतं. पण कानाचं मशीन तू डब्यात जपून ठेवतेस आणि मग मी जे तुला सांगतो ते आधी वाड्यावर सगळ्यांना कळतं. म्हणून पत्र.

दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन शिगमा झाल्यावर, आणि त्यानंतर मोटारसायकलवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे जे काय फिरायचं ते आधी. भावजींनी उभा जन्म खाणीवरचा ट्रक डिचोलीहून जेटीवर नेला आणि परत आणला, आणि तू उभा जन्म घरातली तांबडी धूळ पुसलीस. जिथे जमीनच पांढरी आहे अशा जागी एकदा उभं राहायचं, असं तू चवथीला म्हणालीस. कच्छचं रण. मी म्हटलं, जानेवारीत नेतो, माझ्या गाडीवरून. तुझा गौरेश ट्रेनने जा म्हणतो, तर तूच त्याला गप्प केलंस, की ट्रेनमधून सगळं आडवं पळताना दिसतं, तुला समोरून येताना बघायचंय.

तर गाडी. आपल्या ऐपतीतल्या ड्युअल-स्पोर्ट तीन आहेत, म्हणजे डांबरावर आणि दगडधोंड्यांवर सारख्याच चालणाऱ्या, तारांच्या चाकांच्या: दोनशे सीसीची, अडीचशेची आणि एक वापरलेली चारशेची. म्हापशाच्या शोरूमला टेप आणि पाणसळ घेऊन गेलो. विक्रीवाला निलेश म्हणाला की जमीन सपाटच आहे, काका. मी पाणसळ ठेवून तिच्यातला सरकलेला बुडबुडा दाखवला. नव्हती. तिन्ही गाड्यांवर बसलो. दोनशेवालीची मागची सीट अरुंद. अडीचशेवालीचं इंजिन तापतं. चारशेवाली म्हशीसारखी जड. शिवाय तिन्हींची सीट कारखान्याने चुकीच्या उंचीवर बसवली आहे. हे त्यांना कळवणार आहे.

मागची स्प्रिंग किती आवळायची ते ठरवायला तुझं वजन हवं. हेल्मेट घालून आणि न घालता, दोन्ही कळव.

लोभ आहेच, तो अधूनमधून तपासून आवळत राहावा.

तुझा
गोकुळदास

---

डिचोली
१४ ऑक्टोबर २०२४

चि. गोकुळदास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोबऱ्याच्या आदोळीवर हर्षाचं बोट कापलं होतं ते तू लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते.

वजनाचं म्हणशील तर इथे काटा आहे तो कमलच्या तांदळाच्या दुकानात. त्यावर मी हेल्मेट घालून चढले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या डिचोलीत होईल. तू अंदाजाने धर, आणि अंदाज कमीच धर.

बाकी तिन्ही गाड्यांना तू नावं ठेवलीस. लग्नाच्या वेळी मुलींनाही अशीच ठेवत होतास, शेवटी बाबांनी देवाला कौल लावला आणि हर्षा आली. तेव्हा तसंच कर. गावच्या देवाला कौल लाव. उजवी पाकळी पडली तर घे, डावी पडली तर सोड, आणि मोकळा हो. मला गाडीतलं कळत नाही, पण जानेवारी कळतो.

गौरेशने मला मोबाईलवर रणाचा फोटो दाखवला. सगळं मीठ. मी विचारलं, हे झाडायला लागतं का. नाही म्हणाला. मला रात्री झोप आली नाही.

माझा जीव तुझ्यावर आहे तसाच आहे, पण तो जानेवारीपर्यंतच इतका आहे.

तुझी
बाय

---

॥ श्री ॥

तुये
४ नोव्हेंबर २०२४

ती. बाय हीस,
सा. न. वि. वि.

कौल लावला. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी खरं काय झालं ते मीच लिहितो.

भटजींनी देवाला पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. कृष्णनाथ गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मी त्यांच्या हातात कागद दिला, कारण देवाला अर्धवट माहिती देऊन उत्तर मागणं मला पटत नाही. त्यांनी हात जोडून सांगायला सुरुवात केली, की देवा, या तुझ्या लेकराला दोनशे सीसीची गाडी घ्यायची आहे, तिचं पोट जमिनीपासून दोनशे वीस मिलिमीटर वर आहे, पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा इंची. मागचे लोक प्रत्येक वाक्याला व्हय महाराजा म्हणत होते. टॉर्क हा शब्द आला तेव्हा गावकर थांबले आणि मला हळूच विचारलं, हा कुठल्या गावचा राखणदार देवचार. मी समजावून सांगितलं. त्यांनी त्याच्याही नावाने एक नारळ ठेवायला लावला.

पाकळ्या जागच्या हलेनात. भटजी जेवून आले. मग उजवी पडली. लोक उठून मला गाडीच्या शुभेच्छा द्यायला लागले. आता तूच सांग, मी गप्प बसायला हवं होतं का? मी खिशातली पाणसळ काढून देवासमोरच्या फरशीवर ठेवली. फरशीला उजवीकडे तीन मिलिमीटर उतार. म्हणजे विचारणारा कोणीही असो, उजवी पडण्याकडेच कल. एवढंच मी म्हटलं, आणि शांतपणे म्हटलं.

बाय, देऊळ असं पेटलं की विचारू नकोस. गावकर म्हणाले, त्यांच्या लग्नाचा कौलही त्याच पाकळीवर झालाय, आता घरी जाऊन काय सांगायचं ते मी त्यांना सांगावं. मला दंड झाला: पाच नारळ, केळ्यांचा घड, आणि फरशी मीच सपाट करून द्यायची. ती केली. आता जिल्ह्यात तिच्याइतकी सपाट फरशी नाही. पण पुन्हा कौल लावायला गावकर तयार नाहीत.

तेव्हा मी स्वतःच उपाय काढला. लांबचा प्रवास दहा मिनिटं शोरूममध्ये बसून कळत नाही. मागच्या दारी पडलेल्या फणसाच्या फळ्यांची एक मोटारसायकल करतोय, चाकांसकट, पूर्ण मापाची. सीट स्क्रूवर वरखाली होते, हँडल पुढेमागे. तिन्ही गाड्यांची मापं तिच्यावर लावून प्रत्येकीवर कच्छएवढे तास बसून बघणार. काल दोनशेवालीच्या मापात रत्नागिरीपर्यंत गेलो. समोर टेबलफॅन लावला होता. हर्षाने जेवायला हाक मारली, पण ढाबा अजून यायचा होता.

तुळशीच्या लग्नाला ये. मागची सीट तुझ्या मापाची करायची आहे.

आहे तो जिव्हाळा उतारावरही सरळ राहावा.

तुझा
गोकुळदास

---

डिचोली
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गोकुळदास यास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. कंडक्टरने विचारलं, देवाला पाणसळ लावणारा तो तुमचा कोण. मी मशीन काढून डब्यात ठेवलं.

तुझी लाकडाची गाडी मला आवडली, हे मी तुझ्यासमोर बोलले नाही कारण तू लगेच माप सांगायला लागतोस. मागे बसले तेव्हा मला वाटलं, हसायला येईल. हेल्मेट डोक्यावर, पंखा समोर, अंगणात तुळस, आणि शेजारची सिद्धी कडेला उभी राहून विचारतेय, मावशी, खंय पावल्यात? तू म्हणालास घाट आला, तर मी तुझा शर्ट घट्ट धरला आणि तू कललास तशी कलले. सुरतेला मला डुलकी लागली, तेव्हा सुरत काही मी पाहिली नाही. पण जागी झाले तर गुडघा दुखत नव्हता. सीट दोन्ही बाजूंनी थोडी वर उचललीस ती कुणी सांगितलं नव्हतं, तुझं तुला सुचलं. बाबा असते तर त्यांनी बघून मान हलवली असती.

एक सांगायचं राहिलं. मला समोरून येताना काही दिसलं नाही. तुझी पाठ दिसली. चालेल.

आता गाडी घे. लाकडाला पेट्रोल लागत नाही हे खरं, पण ती तुळशीच्या पुढे जात नाही.

तुझी
बाय

---

॥ श्री ॥

तुये
९ डिसेंबर २०२४

ती. बाय हीस,
सा. न. वि. वि.

काम चांगलं चाललंय. अडीचशेवालीच्या मापात भुजला जाऊन आलो, चारशेवालीच्या मापात जाऊन आलो, आता पुन्हा दोनशेवालीच्या मापात जातोय, कारण पहिल्या खेपेला पंखा दोन नंबरवर होता आणि दुसऱ्यांदा तीनवर, म्हणजे तुलना न्याय्य झाली नाही. गावातले लोकही येऊन बसतात. मोरजीचा एक मच्छीमार पणजीपर्यंत जाऊन आला आणि बरं वाटलं म्हणाला. कृष्णनाथ गावकरही आले, बोलले नाहीत, पण बसले.

निष्कर्ष असा, की तिन्ही गाड्या चुकीच्या आहेत. फक्त माझी बरोबर आहे. सीट सातशे सत्तरवर आणली की सगळं जुळतं. त्या उंचीची गाडी बाजारात नाही. पुढच्या वर्षी एक नवीन येणार आहे असं ऐकतो. तेव्हा मला वाटतं, थोडं थांबावं. रण कुठे जात नाही. शिगमा, मग तुझं ऑपरेशन, मग निवांत बघू. ऑपरेशननंतरही डॉक्टर कधीकधी मोकळीक देतात.

रागावू नये, रागावलीस तर आटोक्यात रागावावं.

तुझा
गोकुळदास

---

डिचोली
१६ डिसेंबर २०२४

गोकळ्या,

आशीर्वाद मागाहून.

काल मी हर्षाला बोलावून घेतलं आणि दोघी म्हापशाला गेलो. निलेशला म्हटलं, माझा भाऊ येतो तो, टेपवाला. त्याने खुर्ची दिली, सोडा दिला, आणि बिचाऱ्याने मला मशीन लावायला सांगून सगळं सांगितलं. दोनशेवालीवर बसलास, पाय टेकले नाहीत. अडीचशेवालीवर बसलास, पाय टेकले नाहीत. चारशेवालीवर तर तुला दोघांनी चढवलं आणि दोघांनी उतरवलं. तरी तू खाली उतरून त्यांना सांगितलंस, की जमीन खाली गेली आहे.

अरे, तू उंचीने आईवर गेलास, त्यात लाज कसली? तिच्या पाटाला बाबांनी खाली ठोकळे लावले होते आणि ती त्यावर उभी राहून पन्नास माणसांचं जेवण करायची. तिने कधी चूल चुकीच्या उंचीवर बांधली असं म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मला नको सांगूस. माझा गुडघा नवीन गाडी निघायची वाट बघणार नाही, आणि डॉक्टर मोकळीक देत नाहीत, मी विचारलं. मला एकदाच जायचंय. तुझ्याबरोबर जायचंय, कारण दुसरा कोणी मला विचारून सीट उचलणार नाही आणि न विचारताही उचलणार नाही.

तेव्हा दोनशेवाली मी घेतली. लाल नको म्हटलं, लाल पुष्कळ पुसलं. पांढरी मिळाली. कागद माझ्या नावावर आहेत. मालकीण मी, तू ड्रायव्हर. निलेश म्हणतो, मागचा एक सांधा बदलला की गाडी खाली बसते, आणि सीटचा फोम कापता येतो, पण ते काम बारीक हाताचं आहे, शोरूमवाल्यांना जमत नाही. मी म्हटलं, हात आहेत आमच्या घरी.

गाडी शनिवारी तुझ्या दारात येईल. कापायला घे.

तुझी
बाय

---

॥ श्री ॥

तुये
१२ जानेवारी २०२५

ती. बाय, गाडीची मालकीण, हीस,
ड्रायव्हरचा सा. न. वि. वि.

गाडी दुरुस्त झाली. दुरुस्त म्हणतोय कारण कारखान्याची चूक होती ती काढली. मागचा सांधा बदलला, पुढचे फोर्क तेवढेच सरकवले, नाहीतर गाडी मागे बसल्यासारखी दिसते. फोम अडतीस मिलिमीटर कापला, वरून रेक्झिन असं शिवलं की निलेशला जोड सापडला नाही. बुटांना जाड तळ लावून घेतलेत, ते फक्त थंडीसाठी. काल तेरेखोलपर्यंत नेऊन आणली. कच्च्या रस्त्यावर थांबलो आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. मागून मासळीवाल्याने हॉर्न वाजवला.

मागची सीट मूळची काढून टाकली. तिच्या जागी लाकडी गाडीवर होती तीच मापं घेऊन नवीन बसवली आहे.

बुधवारी सकाळी तुझ्या दारात येतो. सामान एक पिशवी. लोणची नकोत. हर्षा ट्रेनने भुजला येते, बाकीचं सगळं तिच्याकडे. ती म्हणते, आपल्यातलं कोणीतरी नक्की पोचायला हवं. कानाचं मशीन कानात हवं, डब्यात नाही, कारण घाटात मी सांगेन तेव्हा कलायचं आहे आणि या वेळी खरंच कलायचं आहे. चहा हवा असेल तर उजव्या खांद्यावर थाप, थांबायचं असेल तर डाव्या. दोन्हींवर मारलीस तर मी समजेन की तू समोर काहीतरी पाहिलंस.

माया मालकिणीची असली तरी ड्रायव्हरला पोटभर मिळावी.

तुझा
गोकुळदास

ता. क. लाकडी गाडी घ्यायला हरमलहून एक माणूस आला होता. खोल्या भाड्याने देतो, आता कलेचं दालन काढतोय. तिला शिल्प म्हणाला, दोनदा फेरी मारली, वाकून खालून पाहिलं, समुद्राकडे तोंड करून ठेवीन म्हणाला. फक्त मागची सीट कापून द्या, तिच्यामुळे आकार बिघडतो, असं त्याचं म्हणणं. मी त्याला चहा दिला, सीट कोणाच्या मापाची आहे ते सांगितलं आणि नाही म्हटलं. अडीच लाख देत होता.