खंडेरावमामांच्या माळाची माती

पालघर,
ता. १९ जानेवारी १९८६

तीर्थस्वरूप खंडेरावमामा यांच्या पायांवर भाचा नरहरी याचे डोके. इकडे मी ठीक आहे. तिकडे तुम्ही, मामी, चि. देवू, कुत्री आणि सगळी मेंढरं खुशाल असावीत असं धरून चालतो. मागच्या पत्रात पाय धरलेल्या मेंढीबद्दल लिहिलं होतंत, ती आता चालू लागली का ते कळवावं. (देवू, पत्र तूच वाचून दाखवतोयस हे मला ठाऊक आहे. तुझ्या अक्षराचंही कौतुक करायला हवं. मामांनी सांगितलेलं 'आमचं पोरगं गाढव आहे, त्याला माळ नांगरायचाय' हे वाक्य तू इतक्या वळणदार अक्षरात लिहिलंस की माझ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं.)

तर मामा, तुम्ही विचारलंत की आपला माळ कुठल्या प्रकारचा, त्यात देवू म्हणतो तसा डाळिंबासाठी नांगर घालावा की तो मेंढरांनाच राहू द्यावा. मी सरकारात मातीचं बघतो, तेव्हा मी म्हणेन ते दोघांनाही मान्य, असं तुमचं ठरलं. ठरलं खरं, पण मामींनी शेजारच्या मुलीकडून वेगळं कार्ड लिहवून कळवलं की दिवाळीपासून तुम्ही बापलेक, पत्र सांगण्या-लिहिण्यापलीकडे, एकमेकांशी बोलत नाही, आणि 'त्याला सांग जेवायला बस' हे निरोप मामींनाच पोचवावे लागतात, तेही एकाच खोलीत. म्हणजे माझ्यावर किती मोठी जबाबदारी होती ते मला कळलं होतं. तरीही पुढे जे झालं ते झालं. ते कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे रागवायचं कुणावर हे तुम्हालाच निवडता येईल.

मातीची पिशवी एकनाथ घोंगडीवाल्याबरोबर पाठवलीत. एकनाथ घोंगड्या विकत पालघरला आला तेव्हा मी नेमका मासवणला होतो. तिकडच्या गवताच्या रानात आमचं मोजमाप चालू आहे. (इकडे गवत माणसाच्या डोक्याएवढं होतं. कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. तुमच्या मेंढरांनी हे पाहिलं तर ती परत यायची नाहीत.) एकनाथने पिशवी घरमालकीण गोदूबाईंकडे ठेवली. गोदूबाई मूळच्या तारापूरच्या. रोज टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकतात आणि बोलणं असं की गिऱ्हाईक घासाघीस विसरून माफी मागतं. आता माझी चूक अशी की महिन्यापूर्वी भाडं द्यायला उशीर झाला तेव्हा, विषय बदलावा म्हणून, मासवणहून चुलीसाठी चांगली माती आणून देईन असं मी बोलून गेलो होतो. मी विसरलो. त्या विसरल्या नाहीत.

चार दिवसांनी मी परतलो तर रिकामी पिशवी दोरीवर टांगलेली आणि ओट्यावर नवी कोरी चूल, तिच्यावर भाकरी फुगलेली. मी विचारलं, माझी माती कुठे आहे? गोदूबाई म्हणाल्या, "ही काय. तुमीच बोललात ना, चुलीला माती आणतो? आणलीत, मी चूल घातली. पण बरी नाय हाय तुमची माती. दुसऱ्याच दिवशी भेगा पडल्या."

मामा, अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? पत्र टाकून दुसरी पिशवी मागवतो. मी विळी घेतली. गोदूबाई बाजाराला गेल्यावर मी त्या चुलीची मागची बाजू खरवडली, माती कुटली, चाळली, आणि 'खंडेराव यांचा माळ, तालुका आटपाडी' अशी चिठ्ठी लावून कचेरीत नेऊन ठेवली. मनात म्हटलं, माती ती माती. चुलीत गेली म्हणून जात बदलते काय?

बदलते, मामा. आमचे साहेब कमलाकांत हे फार विद्वान गृहस्थ आहेत. मातीशिवाय त्यांना दुसरं काही दिसत नाही. (जेवताना भाताचा रंगसुद्धा ते आधी ठरवतात.) आमच्याकडे रंगांचं एक पुस्तक असतं. ओली माती शेजारी धरून त्यातल्या चौकोनांशी रंग जुळवायचा. साहेबांनी तुमची माती जुळवली तर ती विटेसारखी तांबडी. ते म्हणाले, आटपाडीकडे, इतक्या कमी पावसात, असा रंग? मी म्हटलं, ऊन फार असतं. मग क्षार मोजायचं यंत्र लावलं तर काटा शेवटपर्यंत जाऊन थरथरत उभा. मला काही उलगडेना. ते मागाहून कळलं. गोदूबाईंनी चुलीची माती खारवलेले मासे धुतलेल्या पाण्यात कालवली होती, चांगलं पाणी कशाला फुकट घालवायचं म्हणून.

आणि मग साहेबांनी भिंग लावलं. चिमट्याने काहीतरी उचललं, उजेडात धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नरहरी, हा माशाचा खवला आहे."

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी सात पानं लिहिली. त्यात माणदेश एके काळी समुद्राखाली होता, त्याचा हा पहिला पुरावा पालघरच्या कचेरीत सापडला, वगैरे होतं. मी कौतुकाने मान हलवत होतो, कारण समुद्र येऊन गेला तर गेला, आपल्या मेंढरांना त्याचं काय? पण सातव्या पानाच्या शेवटी शिफारस होती. ही जमीन खारवट आहे, गवताला निरुपयोगी आहे, तेव्हा मालकाने ती खोल नांगरून, औषध घालून सुधारावी. खाली सही, त्यावर शिक्का. मामा, तो कागद देवूच्या हाती पडला असता (देवू, हसू नकोस) तर तुमचा माळ गोदूबाईंच्या मांदेलीपायी नांगराखाली गेला असता.

रात्रभर तळमळणं वगैरे मी केलं नाही, झोप चांगली लागली. पण सकाळी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. विळीसुद्धा सांगितली. साहेब म्हणाले, "म्हणजे समुद्र नव्हता?" मी म्हटलं, नव्हता. ते इतक्या हिरमुसल्या चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत राहिले की त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात झापायचं कामही दुसऱ्याने केलं. चुलीची मागची बाजू गायब पाहून गोदूबाई टोपलीसकट कचेरीत आल्या. "साहेब, तुमचा हा माणूस चुली खातो काय? भाडेकरू ठेवलाय की उंदीर?" एवढंच लिहितो, बाकीचं देवूला वाचवणार नाही.

शेवटी पिशवीच्या शिवणीत आणि कोपऱ्यांत अडकलेली माती झटकली. दोन मुठी भरली. तीच खरी, न भाजलेली. साहेबांनी मन घट्ट करून पुन्हा सुरुवात केली. रंग काळसर. अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर थोडीशी फसफसली, म्हणजे चुनखडी आहे पण बेताची. पाणी लावून बोटांत दाबली तर पट्टी लांबच लांब निघाली, तुटेना, म्हणजे चिकणमाती भरपूर, ओल धरणारी. आमच्याकडे जमिनीचे आठ वर्ग असतात. पहिले चार नांगराचे, पुढचे चार गवताचे, झाडांचे, नाहीतर नुसतं बघायचे. (शाळेच्या उलट. इथे जितका वरचा वर्ग तितकं पोर कच्चं.) तुमचा माळ सहावा किंवा सातवा निघेल अशी माझी खात्री होती. आमचा खड्डे खणणारा जिव्या, मासवणचा, तो शेजारी उभा होता. त्याने चिमूटभर माती तळहातावर चोळली, वास घेतला आणि म्हणाला, "माळाची माती बोलता, न यात गवताचा एक मूळ नाय." मी म्हटलं, जिव्या, यंत्रापुढे आपण बोलू नये. साहेबांनी लिहिलं, वर्ग दुसरा.

तेव्हा मामा, जड हाताने लिहितो. माती उत्तम आहे. डाळिंबच काय, कपाशीसुद्धा येईल. देवूचं म्हणणं बरोबर ठरतं. त्या माळावर लहानपणी तुमच्या घोंगडीत बसून मी मेंढरं मोजायला शिकलो, कुसळांनी चड्डी भरून घेतली, आणि पाऊस नसलेल्या वर्षीसुद्धा तिथे मेंढरांना तोंड घालायला काहीतरी असायचंच. पण मी शब्द दिला होता की जे निघेल ते लिहीन. राग आला तर माझ्यावर काढा, देवूवर नको.

मामींना दंडवत. थंडीत छातीला जपा.

तुमचा,
नरहरी

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं आहे. आत्ताच एकनाथ घोंगडीवाला रिकामी पिशवी मागायला आला. सहज म्हटलं, एकनाथ, तुमच्याकडच्या माळाची माती भारीच निघाली. तो म्हणाला, "माळाची कुठली? देवूनं वढ्याकडंची भरली की. माळावर खोरंच चालंना म्हनं." (देवू, इथे खोकला काढून पान उलटू नकोस. मामा, हा थांबला असेल तर पत्र शाळेच्या मास्तरांकडे न्या.)

ता. क. २ – हे साहेबांना सांगितलं. मला वाटलं ते आता मला मासवणलाच पुरतील. ते उलट खुलले. म्हणाले, "चूक आपलीच. माती पिशवीतून ओळखायची नसते. ती किती खोल आहे ते पिशवी सांगते का? खड्डा खणा." तेव्हा वरची सगळी पानं रद्द समजावीत, समुद्रासकट. पत्राचं खरं काम एवढंच. माळाच्या मधोमध दोन हात रुंद खड्डा घ्यावा. तो देवूने खणावा, आणि मामा, तुम्ही काठावर बसावं, कुदळीला हात लावू नये. देवू, मी रागावलेलो नाही. खोरं चालत नाही म्हणालास तेव्हा तूच वर्ग सांगून टाकला होतास, तुझ्या लक्षात आलं नाही इतकंच. कमरेइतका खाली गेलास तर डाळिंब लाव, मी रोपं घेऊन येतो. वीतभरावर मुरूम खणकन वाजला तर माळ मेंढरांचा. मला लगेच कळवायची घाई नाही. आधी खड्ड्यातल्या माणसाने काठावरच्याला सांगावं, मामींच्या मार्फत नव्हे.