कटर मिळाल्याची पोच

देऊळघाट,
वैशाख, मंगळवार

चि. भागवत यास,

पुंजाजीचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. साखरखेर्ड्यात तुम्हा सगळ्यांचे हातपाय जागेवर असतील अशी आशा आहे. अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, कारण माझा उजवा हात बांधलेला आहे. अंगठ्याशेजारचं बोट पेरभर कमी झालंय आणि त्याला कारण तू आहेस. (हे लिहिताना वच्छलाबाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, भाऊ तुझा असला तरी बोट माझं होतं.)

लाकूड कापायचं, विजेच्या लाईनीवर चालणारं साखळीचं कटर तू दसऱ्याआधी दोन दिवसांसाठी नेलंस. वैशाखात आणलंस, तेही आम्ही लग्नाला गेलेलो पाहून ओट्यावर ठेवून पळालास. उघडतो तर आत देवघर! खंडेनवमीला विळ्या-कुऱ्हाडींबरोबर तू तेही हौदावर धुतलंस आणि साखळीला हळद-कुंकू फासलंस. अरे, कुऱ्हाड धुवावी. ज्याच्या पोटात मोटर आहे त्याला आंघोळ घालतात का? त्याला कोरड्या ब्रशने झाडायचं, पात्याच्या खाचेतला भुसा काडीने उकरायचा आणि साखळीचं तेल द्यायचं. तू ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओतलंस. तरी मोटर जिवंत राहिली, हे माझं कमनशीब.

शनिवारी मी ते साफ करायला बसलो. पुस्तिकेत पहिलंच वाक्य आहे, आधी बोर्डातली पिन काढा. मला ते पाठ आहे, गावात चारचौघांना मी ते ऐकवलंय. पण चालतं का बघायला पिन लावली, तर लाईन सकाळपासून गेलेली. लाईन नसताना पिन काढून काय करायचं, असं आपण म्हणतोच. (आपण म्हणजे तूसुद्धा.) त्यात दाबायच्या बटणाला कोणीतरी सुतळी करकचून बांधलेली, सारखं दाबून बोट दुखू नये म्हणून. (कोणी, ते लिहायची गरज नाही. वच्छलाबाई इथे पेन चावत थांबल्या.) मी खाचेत बोट घातलं आणि लाईन आली. एरवी हातापाया पडूनही येत नाही. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशाने कापलं? मी म्हटलं, साळ्याने.

स्वयंपाकघराच्या टिनांवर निंबाची वाळलेली फांदी लोंबकळते आहे, तिच्यासाठीच हा खटाटोप होता. वावटळी सुरू झाल्यात. टिन वाजलं की हिचा भाकरीवरचा हात थांबतो, ते मला बघवत नाही. पण मी कोणाच्या विनवण्या करणार नाही, तुझ्या तर मुळीच नाही. आमच्या दारात पाय ठेवू नकोस.

लोभ होता, तो आटला.

पुंजाजी

ता. क. रविवारी तुला सुट्टी असते, असं ही म्हणते. मी विचारलेलं नाही.

ता. क. दोर तुझा आण. आमचा उंदरांनी खाल्ला.

भागवत, आता हे माहं. ह्यायनं सांगतलं ते सारं लिहलं. पण ते सुतळी तुही नोयती. तू कटर नेलं त्याच्या आधीच ह्यायनं बांधली व्हती. मले मालूम व्हतं, तरी तसंच तुह्या हाती देऊ देल्लं. बोट तुहंही गेलं असतं, हे माह्या मनातून जात नाही. रविवारी ये. पिन मी काढून ठेवली हाय. ह्यायच्या समोर सुतळीचं नाव काढू नको. ते मी चुलीत घातली.