तुझ्या नावावरचा नॉर्मल

प्रिय कुंदा,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये काय आणि रिटायर झाल्यावर या ले-आउटमधल्या घरात काय, तू हाकेच्या अंतरावर असायचीस. आज लिहितो आहे, कारण परवा माझा रिपोर्ट येणार आहे आणि मला भीती वाटते. ही भीती तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

माझ्या आतड्यात वाढलेले मांसाचे दोन कोंब काढून तपासायला पाठवलेत. "दिसायला साधे वाटतात, पण रिपोर्टशिवाय बोलता येत नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून फोन हातातून सुटत नाही. पोटात जरा गुडगुडलं की मी जागचा उठतो, खोलीभर फिरतो, पुन्हा बसतो. रिपोर्टची वाट बघताना तुझंही असंच होत होतं का? तू तर भाजी निवडत बसायचीस!

दर दोन वर्षांनी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी ती काडीची नळी घरोघर द्यायच्या. शौचाला काडी लावायची, नळीत घालायची, झाकण लावून परत द्यायची. रक्ताचा अंश असला तर कळतो. पहिल्यांदा तू किती लाजली होतीस! "हे असं कोणी मागते का जी?" म्हणून नळी पदराखाली लपवून नेलीस. पण दिलीस. दुसऱ्या खेपेलाही दिलीस. दोन्ही वेळा आपलं दोघांचं नॉर्मल आलं.

तिसऱ्या खेपेला तू प्रज्ञाच्या बाळंतपणासाठी मुलचेऱ्याला होतीस. नळ्या परत द्यायचा शेवटचा दिवस आला. मी फोन केला.

"पोरीले सोडून कशी येऊ जी?" तू म्हणालीस. "तुमचंच भरून द्या न दोन्हीत. नाई त त्या सिस्टरबाई कटकट करतीन."

"अवो, असं चालते का?"

"मागच्या दोन खेपेले काय निंघालं? काई नाई. मंग?"

आपण दोघंही हसलो. आणि मी खरंच दोन्ही नळ्या भरल्या. एकीवर माझं नाव, दुसरीवर तुझं.

पुढं तुला थकवा यायला लागला. मग रक्त दिसलं. मी घाबरलो, तर तूच म्हणालीस, "मूळव्याध असन. कागद नॉर्मल आहे न आपला?" आणि कुंदा, मी मान हलवली! तो कागद कसा बनला ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं, तरी आपण दोघंही त्याच्यावर विसंबलो. असं कसं झालं? तेव्हा तरी तू हट्टानं दवाखान्यात चल म्हणायचं होतंस. आणि मी तरी कुठं ओढून नेलं तुला? नागपूरला गेलो तोवर आजार लिव्हरपर्यंत पोहोचला होता.

तू गेल्यावर मी गप्प राहिलो. पण तो कागद गप्प राहिला नाही. आपली प्रज्ञा साऱ्यांना सांगत सुटली, "माझ्या आईचं नॉर्मल आलं होतं, तरी ती गेली. त्या तपासणीत काई दम नाई." शेजारच्या शोभाबाईंनी नळी परत केली. मागच्या गल्लीतल्या दोघींनी घेतलीच नाही. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

मी मात्र माझी नळी देत राहिलो, लपून. यंदा त्यात रक्त निघालं. दुर्बिणीनं आतडं बघायचं ठरलं, तेव्हा प्रज्ञा धावत आली. "बाबा, काऊन जाता तुम्ही? आईचं त नॉर्मलच होतं न?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "बेटा, तो नॉर्मल तुझ्या आईचा नव्हता. माझा होता."

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या बाळंतपणापायी?" कुंदा, हे मला सुचलंच नव्हतं! माझं ओझं हलकं करायला गेलो आणि पोरीच्या माथी दिलं. "नाई बेटा, आमच्या आळसापायी," मी म्हणालो. तिनं बॅग उचलली आणि निघून गेली. दोन दिवस फोन नाही.

पण तपासणीच्या आदल्या दिवशी आली. पोट साफ करायचं औषध तिनंच पाण्यात कालवलं, प्रत्येक ग्लास संपेपर्यंत समोर बसली. दवाखान्यात डॉक्टरांना स्वतःहून विचारलं, "माझी आई याच आजारानं गेली. मी कधीपासून तपासायचं?" आईला झालेलं असलं तर मुलीनं इतरांपेक्षा लवकर सुरू करावं लागतं, ते म्हणाले. तिनं वर्ष लिहून घेतलं. आता माझ्या रिपोर्टची काळजी आणि तिचीही.

तू मला माफ केलंस का, विचारत नाही. तुझ्या जिवावर बेतलेल्या गोष्टीत आपण दोघं सामील होतो, पण मागं उरलो मी एकटा.

परवा काहीही येवो. उद्या सकाळी मी शोभाबाईंच्या दारात जाणार आहे, मग मागच्या गल्लीत, मग सिस्टरबाईंकडं. मी काय केलं ते माझ्या तोंडानं सांगेन. लोक थुंकले तरी चालेल. माझी तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तितक्या वेळा करीन. आणि प्रज्ञाची वेळ येईल तेव्हा, मी असलो तर, तिच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसेन. हा शब्द देतो.

तुझाच,
वामन