आईच्या हातचा रंग

व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट
४ एप्रिल १९९६

प्रिय डॅरल,

तू आणि मार्गो बरे असाल. इकडे सगळं ठीक आहे, असं सवयीने लिहून गेले. ते खरं धरू नकोस. मटनबर्ड पक्षी धरायचा हंगाम लागलाय. पिल्लं यंदा चांगली गुबगुबीत आहेत, तुझ्यासाठी एक बादली खारवून ठेवलीय. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर वाचून फाड.

टिलीचा हात मोडलाय, मनगटात. प्लास्टर घातलंय, शाळा बुडाली म्हणून बाईसाहेब खुशीत आहेत. कशी पडली, हे तू विचारशीलच.

पडली नाही. बाबांच्या विमानात होती.

शनिवारी बाबा पलीकडच्या बेटावर पक्षी धरणाऱ्यांना मीठ-पीठ द्यायला गेले होते. टिली हट्टाने बरोबर गेली. परत येताना मी नेहमीसारखी किनाऱ्यावर उभी होते. विमान वाळूला टेकलं आणि डाव्या चाकाचा पाय काडकन मोडला. विमान गर्रकन फिरलं, पंख वाळूत रुतला. सुटलेलं चाक एकटंच पळत लाटेत शिरलं आणि मी, तिची आई, त्या चाकाकडे बघत राहिले. विमानाकडे बघायचं धाडसच झालं नाही. अजून डोळे मिटले की ते चाक पळतं. बाबांना नुसतं खरचटलंय.

सोमवारी लॉन्सेस्टनहून ग्लेन आला, बाबांचं विमान दर वर्षी तपासतो तोच. त्याने मोडका पाय माझ्या हातात दिला. बाहेरून लालचुटुक, आतून काळा, भोकं पडलेला. बोटाने दाबलं तर खपली निघाली. बोटाएवढा जाड रंग होता रे त्यावर! ग्लेन म्हणाला, दर वर्षी वरचा रंग बघून मीही फसलो, डागडुजी आता विसरा, दोन्ही पाय नवे घालावे लागतील.

त्या रंगाचं तुला नव्याने काय सांगू? हंगामाआधी पायांना लाल रंग द्यायचं काम आईचं. ती गेल्यावर बाबा दर वर्षी वर एक हात मारत आले, खालचा कधी खरवडला नाही. खरवडा म्हणालास म्हणून तुला शेडमधून घालवून दिलं. "तुझ्या आईचा हात आहे त्यावर," म्हणाले होते. मीही तेव्हा बाबांचीच री ओढली.

आता पुढचं. तीन दिवस ते लिहायचं टाळतेय.

बाबांच्या हट्टापायी झालं हे सगळं, असं मी ग्लेनला म्हटलं. त्याने खपली निघालेल्या जागी बोट ठेवलं.

"सगळ्यात खालचा थर बघ, लोर्ना. गंज त्याच्याही खाली आहे. कुणीतरी न घासताच रंग मारलाय."

सगळ्यात खालचा थर आईचा. बाबा मागेच उभे होते, त्यांनी ऐकलं. मी घरी येऊन स्वयंपाकघरात आईला मोठमोठ्याने बोलले. गेलेल्या माणसाचा इतका राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

काल सकाळी शेडमध्ये गेले तर बाबा दुसरा पाय खरवडत बसलेले. लाल भुगा अंगभर. तो भंगारातच जायचाय, कशाला दमताय, म्हटलं. मान वर न करता म्हणाले, "तिने विचारलं होतं मला, आधी घासून घेऊ का म्हणून. बेटावर माणसं खोळंबली होती. मीच म्हटलं, मार वरून." आणि रडले, डॅरल. आईच्या वेळीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. हे खरंच तसं घडलं, का आईवरचा बोल त्यांनी स्वतःवर घेतला, कोण जाणे. मी विचारलं नाही.

तुला लिहा म्हटलं तर म्हणाले, मला जमायचं नाही, तूच लिही, त्याचं बरोबर होतं म्हणावं. म्हणून लिहिते: तुझं बरोबर होतं.

नवे पाय पुढच्या गुरुवारी बोटीने येतायत. ग्लेन रंगाचा डबा ठेवून गेला होता, बाबांनी तो परत केला. म्हणाले, "आधी डॅरल बघेल. तो हो म्हणाला तरच रंग."

तुझी,
लोर्ना